आधी हवेचा हिशेब, मग पाण्याचा

कॉम्प्युटर पाण्यावर गार करायचं ठरवलंस, ते मला मनापासून आवडलं. आता एक कर. ब्लॉक, पंप, रंगीत कूलंट, काचेसारख्या नळ्या अशी जी यादी पाठवलीस, ती उलटी मांड. तुझ्या यादीत रेडिएटर आणि पंखे सगळ्यात शेवटी आहेत, समोर ‘उरेल त्या पैशात’ असं लिहून. बाळ, बाकीचे सगळे भाग उष्णता फक्त इकडून तिकडे नेतात. ती कॅबिनेटबाहेर काढण्याचं काम रेडिएटर आणि त्याचे पंखे करतात. तिथे काटकसर केलीस, तर चिपवर बसवलेला महागातला ब्लॉकही कोमट पाण्यातच बसून राहील.

माझी हयात ट्रक-टेम्पोंच्या रेडिएटरमध्ये गेली. कॉम्प्युटर पाण्यावर गार करणाऱ्या सुरुवातीच्या हौशी मंडळींनी गाडीच्या हीटरचे कोअर काढून वापरले होते, त्यामुळे या नव्या खेळात मला फारसं परकं वाटलं नाही. फरक एकच, पण मोठा आहे. गाडीचं पाणी ९० अंशांवर असतं आणि बाहेरची हवा ४० अंशांवर. दोघांत ५० अंशांचं अंतर, म्हणून उष्णता भराभर निघते. कॉम्प्युटरमध्ये आपण पाणी हवेपेक्षा जेमतेम १० अंश गरम ठेवायचं म्हणतो. इतक्या थोड्या अंतरावर उष्णता बाहेर काढायची, तर पसरट जागा भरपूर लागते. एवढ्याशा चिपसाठी एवढा मोठा रेडिएटर कशाला, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर हेच.

आधी वॅट मोज. तुझा रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर कागदावर १७० वॅटचा आहे, पण सगळे कोअर रेंडरिंगला लागले की २३० वॅटपर्यंत ओढतो. आरटीएक्स ४०८० ग्राफिक्स कार्डाचे ३२० धर. झाले ५५०. पंप पूर्ण वेगात वीसेक वॅट घेतो, त्यातलीही बरीच उष्णता पाण्यातच जाते. तू गेम खेळणार असतीस तर मी हा आकडा खाली आणला असता, कारण खेळताना प्रोसेसर क्वचितच पूर्ण ताकदीने चालतो. पण तुझं काम रात्रभर रेंडर लावून ठेवायचं, तेव्हा मोठा आकडाच धरायचा.

आता माझा अदमास सांगतो. मध्यम जाडीचा रेडिएटर, मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांचा बरा पंखा आणि पाणी खोलीपेक्षा १० अंश गरम, अशा स्थितीत १२० मिलिमीटरचा एक खण, म्हणजे एका पंख्याएवढी जागा, ७०-८० वॅट बाहेर टाकतो. दोन ३६० चे रेडिएटर म्हणजे सहा खण, साडेचारशे वॅट. ५५० टाकलेस तर अंतर १० वरून १२ अंशांवर जाईल. तीन ३६० घेतलेस तर आठच्या आसपास येईल. दुकानदार ‘एका ३६० वर सगळं चालतं’ म्हणेल. चालतंही, पण पंखे कायम ओरडत राहतात, आणि पाण्यावर जाण्याचा निम्मा आनंद शांततेत आहे.

हे अंतर खोलीच्या हवेवर चढतं, हे विसरू नको. पाणी खोलीपेक्षा गार होऊच शकत नाही. कितीही रेडिएटर लाव. डिसेंबरात पुण्यात पहाटे खोली २० अंशांवर असेल तर पाणी ३२. मे महिन्यात दुपारी बंद खोली ३५ अंशांवर गेली की तेच पाणी ४७. नागपूर-चंद्रपूरकडे तर आणखी वर. पंप आणि बऱ्याचशा भागांची मर्यादा ६० अंशांची सांगतात, आणि पीईटीजीच्या कडक नळ्या त्याच सुमारास मऊ पडायला लागतात. मी ४५ च्या वर नेहमीसाठी जाऊ देणार नाही. म्हणून हिशेब डिसेंबराचा करू नको, मेचा कर. याच नियमाची एक चांगली बाजूही आहे. पाणी हवेपेक्षा गार होत नाही, म्हणून पावसाळ्यात नळ्यांवर दव धरेल ही तुझ्या आईची भीती तू निर्धास्तपणे काढून टाक. आणि तिला दुसरी गोष्टही सांग: पाण्यावर नेल्याने खोली गार राहत नाही. ५५० वॅट आधीही खोलीत येत होते, आताही येणार. एसीला पूर्वीइतकंच काम पडेल.

मापांबद्दल बोलू. ३६० म्हणजे १२० चे तीन खण, २८० म्हणजे १४० चे दोन. नाव लहान वाटतं म्हणून २८० कडे दुर्लक्ष करू नको. तीन खणांचं क्षेत्रफळ ४३२ चौरस सेंटिमीटर भरतं, त्या दोन खणांचं ३९२. म्हणजे नव्वद टक्के काम, एक पंखा कमी, आणि मोठा पंखा सावकाश फिरला तरी हवा पुरेशी ढकलतो. ज्या कॅबिनेटमध्ये पुढून १४० बसतो, तिथे मी डोळे झाकून २८० किंवा ४२० घेईन. तुझ्या मनात लियान लीचं ओ११ डायनॅमिक आहे. त्यात वर, खाली आणि बाजूला असे तीन ३६० बसतात, म्हणून तुझ्यासाठी १२० चीच वाट सरळ आहे. एक मात्र बघ: ३६० चा रेडिएटर ३६० मिलिमीटर लांब नसतो. दोन्ही टोकांच्या टाक्या धरून तो ४०० च्या जवळ जातो, काही त्याहूनही पुढे. विकणाऱ्याच्या पानावरचं बाहेरचं माप बघ, नावातलं नको.

जाडीचा मोह सगळ्यांना होतो. ३० मिलिमीटरचा बारीक, ४५ चा मधला, ६० चा जाडजूड, आणि हातात घेतल्यावर ६० चाच खरा वाटतो. पण सावकाश फिरणाऱ्या पंख्याची हवा पुढच्या निम्म्या जाडीतच तापून जाते. मागच्या निम्म्या भागाला तापलेलीच हवा मिळते, आणि तो फारसं काही करू शकत नाही. दुप्पट जाडीला दुप्पट काम मिळत नाही. हजार फेऱ्यांवर तर थोडासाच फरक पडतो. त्यापेक्षा ३० चे तीन घे. वरच्या बाजूला ३० चा रेडिएटर आणि २५ चा पंखा मिळून ५५ मिलिमीटर खाली येतात, तिथे रॅमच्या काड्या आणि मदरबोर्डची उष्णता काढणारे ठोकळे आड येतात. ६० चा लावलास तर बसणारच नाही.

फिन्सची दाटी तर जाडीहून महत्त्वाची. चपट्या नळ्यांच्या मधे नागमोडी दुमडलेली तांब्याची पट्टी असते, तिच्या घड्या म्हणजे फिन्स. इंचाला किती, तो आकडा पत्रकावर एफपीआय म्हणून लिहितात. ८ ते १२ म्हणजे विरळ, १६ च्या आसपास मध्यम, २० च्या वर दाट. दाट फिन्सना वेगाने ढकललेली हवा लागते, अठराशे-दोन हजार फेऱ्यांवर त्या बाजी मारतात. तुला रात्री शेजारच्या खोलीत झोपायचंय, तुझे पंखे ८०० ते १२०० च्या मधेच राहतील, म्हणून विरळ ते मध्यम घे. आपल्याकडच्या धुळीलाही तेच बरं. रेडिएटर हातात आला की फुटपट्टी आडवी धर, एक इंचावर पेन्सिलीच्या टोकाने घड्या मोज, आणि खिडकीसमोर धरून आरपार बघ. उजेड एकसारखा दिसला पाहिजे. जिथे काळं दिसतं तिथे फिन वाकलेली आहे किंवा रंग साचलाय. चारदोन वाकलेल्या फिन्स प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने हळूच सरळ होतात. तळहाताएवढा पट्टा चेपला असेल तर माल परत पाठव.

आता पंखे. छताचा पंखा खोलीभर वारा घालतो, पण मच्छरदाणी लावून झोपलं की आत जेमतेम झुळूक येते. पंखा तोच, आड काय आलं त्याने फरक पडला. रेडिएटरच्या फिन्स म्हणजे तशी आडवी आलेली जाळी. म्हणून पंख्याच्या डब्यावरचा हवेचा मोठा आकडा वाचून भुलायचं नाही. तो आकडा समोर काहीच आड नसतानाचा असतो. दुसरा आकडा दाबाचा, मिलिमीटर पाण्यात दिलेला. तो हवा पूर्ण अडवल्यावरचा. पंखा चालतो या दोन टोकांच्या मधे कुठेतरी, आणि रेडिएटरवर तो दाबाच्या बाजूला सरकतो. नॉक्टुआचेच दोन पंखे शेजारी ठेव. एनएफ-एस१२ए हा १२०० फेऱ्यांवर तासाला १०७.५ घनमीटर हवा देतो, दाब १.१९. एनएफ-एफ१२ हा १५०० फेऱ्यांवर ९३.४ घनमीटर देतो, दाब २.६१. पहिला कागदावर जास्त हवा देतो, कमी फेऱ्यांतही. तो उघड्या कॅबिनेटसाठी केलाय. रेडिएटरवर दुसराच घ्यायचा.

फेऱ्या वेगळ्या म्हणून ही तुलना बरोबर नाही, असं तू म्हणशील, आणि रास्त म्हणशील. त्यासाठी एक नियम पाठ कर. फेऱ्या निम्म्या केल्या की हवा निम्मी होते, पण दाब पाव होतो. दाब फेऱ्यांच्या वर्गाने घटतो. एफ१२ ला १२०० वर आणलं तरी दाब १.६७ राहतो, एस१२ए पेक्षा बराच वर. त्याच नियमाने दोन हजार फेऱ्यांचा, २.३४ दाबाचा एनएफ-ए१२एक्स२५ हजारावर चालवलास तर हातात ०.६ पेक्षाही कमी उरतो. म्हणून कुठलाही पंखा घेताना तो सगळ्यात वेगात काय करतो हे विचारू नको, तू ऐकून घेशील त्या फेऱ्यांवर काय करतो ते काढ. बक्षीसही मोठं आहे: फेऱ्या निम्म्या झाल्या की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. जास्त रेडिएटर आणि सावकाश पंखे ही जोडी इथेच जिंकते.

महागच घे असं माझं म्हणणं नाही. आर्क्टिकचा पी१२ अठराशे फेऱ्या आणि २.२ दाबाचा आहे, आणि नऊ पंखे घ्यायचे म्हटल्यावर किमतीतला फरक जाणवतो. पैसे कमी पडत असतील तर साधे पंखे आणि एक रेडिएटर जास्त, हा सौदा मी कधीही करीन. फक्त बेअरिंग बघ. तुझे वरचे आणि खालचे पंखे आडवे झोपलेले असणार, आणि साधं स्लीव्ह बेअरिंग आडव्या बसवलेल्या पंख्यात लवकर झिजून खरखर करतं. फ्लुइड बेअरिंगचा घे. चौकट चारही कोपऱ्यांत सलग आणि चपटी हवी. गोल कापलेल्या चौकटीचा पंखा रेडिएटरवर ठेवला की कडेने हवा निसटते. चार तारांचा, म्हणजे पीडब्ल्यूएम हवा. मदरबोर्डचं एक हेडर बहुधा एक अँपिअरचं असतं. पंख्याच्या मागच्या स्टिकरवरचे अँपिअर वाच आणि बेरीज कर. नऊ पंखे एका स्प्लिटरवर लोंबकळत ठेवू नको. एसएमपीएसवरून वीज घेणारा हब घे.

सगळ्यात जास्त नुकसान मी स्क्रूंनी झालेलं पाहिलंय, तेव्हा इथे नीट ऐक. रेडिएटरच्या स्क्रूच्या भोकाखाली, काही मिलिमीटरवरच, पाण्याची चपटी नळी जाते. चांगल्या रेडिएटरमध्ये मधे पत्र्याची आडणी असते, सगळ्यांत नसते. २५ मिलिमीटरच्या पंख्याला ३० चा स्क्रू लागतो. तोच स्क्रू पंख्याशिवाय नुसत्या कॅबिनेटच्या पत्र्यातून घातलास तर सरळ नळीत घुसतो. पत्र्याला रेडिएटर कसायला पाच-सहा मिलिमीटरचे वेगळे स्क्रू डब्यात असतात. १५ मिलिमीटरच्या बारीक पंख्याला २० चा लागतो. फँटेक्सच्या टी३० सारख्या ३० मिलिमीटरच्या पंख्याला ३५ चा. बसवण्याआधी स्क्रू पंख्यात घालून दुसऱ्या बाजूला किती बाहेर येतो ते मोज. चार-पाच मिलिमीटर ठीक. आटेही सगळ्यांचे एक नसतात: कुणाचे एम३, कुणाचे एम४, कुणाचे ६-३२. हाताने फिरत नसेल तर जोर लावू नको, आटा वेगळा आहे. आमचे उस्ताद म्हणायचे, पहिले तीन पीळ बोटांनी, पान्याला नंतर हात लाव. हे मी तुला तसंच देतो.

हवेची दिशा ठरवताना पुष्कळ वाद ऐकशील. आपल्या हवामानात माझा कौल असा: खालचा आणि बाजूचा रेडिएटर बाहेरची ताजी हवा आत घेणारे, वरचा बाहेर टाकणारा. वरच्याला तापलेली हवा मिळेल, तो थोडं कमी काम करील, हरकत नाही. सगळेच आत घेणारे लावलेस तर आतला एसएसडी आणि मदरबोर्ड उकडतील. पंख्याची हवा स्टिकर आणि मधल्या आधारपट्ट्या असलेल्या बाजूने बाहेर पडते. तरी कागदाचा कपटा धरून खात्री कर. पाणी कुठल्या भागातून आधी जातं याची चिंता सोड. मिनिटाला चार लिटर वाहत असेल तर २८० वॅटला पाणी फक्त एक अंश चढतं. नळ्या सर्वांत सोप्या वाटेने ने.

आणि कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात ठेवू नको. आपल्या घरातल्या कॉम्प्युटर टेबलांना खाली तीन बाजूंनी बंद खोका असतो. त्यात बाहेर टाकलेली हवा फिरून पुन्हा आत जाते, आणि तू तिसरा रेडिएटर लावून जे कमावलंस ते सगळं जातं. साधा थर्मामीटर हवा आत घेणाऱ्या जाळीपाशी धर. खोलीपेक्षा तीन अंश जास्त दाखवला तर पाणीही तीन अंश जास्त तापणार, हे ठरलेलं.

पंख्यांना प्रोसेसरच्या तापमानावर नाचवू नको. ब्राउझर उघडला की चिप क्षणात २० अंश चढते, पंखे भुणभुणतात, उतरतात, पुन्हा भुणभुणतात. पाणी मात्र सावकाश तापतं. रेडिएटरच्या मोकळ्या तोंडाला किंवा टाकीला बसणारा दोन तारांचा सेन्सर मिळतो, तो मदरबोर्डच्या तापमान-सेन्सरच्या पिनांवर लाव. बोर्डावर त्या आहेत का, हे बोर्ड घेतानाच बघ. मग ३५ अंशांपर्यंत ८०० फेऱ्या, ४५ ला १२००, आणि मधे सरळ रेघ. एखाद्या ठराविक फेऱ्यांवर पंखा रेडिएटरशी मिळून गुणगुणत असेल तर रेघ तिथून थोडी उडी मारून ने.

रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना पंखे लावायचं मनात असेल तर सोड. जाड, दाट रेडिएटरवर काही अंश मिळतात, तुझ्या ३० च्या रेडिएटरवर ते पैसे वाया. शिवाय साफसफाई अवघड होते. आपल्याकडे धूळ म्हणजे गादीचा कापूस, रस्त्याची माती आणि उदबत्तीच्या धुराचा चिकटपणा. पंखा आणि फिन्सच्या मधे याचा नमद्यासारखा थर बसतो, आणि पावसाळ्यात ओल धरून घट्ट होतो. हवा आत येते तिथे काढता येणारी जाळी लाव, पण फार बारीक छिद्रांची नको, तीही हवा अडवते. दर महिन्याला जाळी धू. ब्लोअर मारताना हवा वाहते त्याच्या उलट दिशेने मार, आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव. ब्लोअरने गरगर फिरलेलं बेअरिंग खराब होतं.

नवा रेडिएटर पाण्याच्या लूपमध्ये सरळ जोडायचा नाही. आत सोल्डरचा फ्लक्स आणि धातूचा कीस असतो. कोमट डिस्टिल्ड वॉटर अर्धं भर, तोंडं बंद कर, दोन मिनिटं चांगला हलव, आणि पाणी पांढऱ्या पंचावर ओत. पंचावर काळे-हिरवे कण दिसतील. कण येईनासे होईपर्यंत हेच कर. आरओचं पाणी यात चालणार नाही, त्यात क्षार राहतात. ब्लॉक तांब्याचा आहे, तर रेडिएटरही तांब्या-पितळेचाच घे. स्वस्तात मिळणारा अ‍ॅल्युमिनियमचा त्या पाण्यात आला की गंजायला लागतो, आणि गंज ब्लॉकच्या बारीक खाचांत अडकतो.

तुझ्या मैत्रिणीने विचारलंय, तिच्या आरटीएक्स ४०७० साठीही हे करावं का. २०० वॅटच्या कार्डाला आणि साध्या प्रोसेसरला माझं उत्तर नाही असंच आहे. चांगला हवेवरचा कूलर घेऊ दे आणि उरलेल्या पैशात रॅम. तुझं काम वेगळं आहे, तुला हे फळेल. ऑर्डर देण्याआधी मात्र कॅबिनेट उघडून वरची पट्टी ते मदरबोर्डचे ठोकळे, खालची पट्टी ते ग्राफिक्स कार्ड, आणि बाजूच्या खाचेची लांबी, ही तीन मापं फुटपट्टीने घे आणि रविवारी मला फोन कर.